पिंप फोडणाऱ्याचा नेम

नोपेरा काहोच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षांत गाडी गेलीच नव्हती. गाडी बिचारी बाहेर पावसात भिजत गंजली, आणि आत दोन जुनी दारं जोडून केलेल्या टेबलावर वायकाटो नदी ऐसपैस पसरली. रंगवलेली नदी, काथ्याची लव्हाळी, लाकडाच्या भुशाची आमच्या मेरेमेरे गावाची टेकडी आणि टेकडीवर मातीचे तट. नदीच्या मधोमध हातभर लांबीची एक चिलखती गनबोट. मागे पाणचक्कीसारखं मोठं चाक, मध्ये धुराडं, पुढे आणि मागे एकेक लोखंडी बुरूज, मागच्या बुरुजापाठी सुकाणूवाल्याचं खोकं. बुरुजांवर पत्रा जोडणारे रिव्हेट इतके, की बघणाऱ्याने मोजायचा नाद सोडावा. नोपेराने सोडला नव्हता. विचारलं तर तो आकडा सांगायचा, आणि न विचारलं तरी सांगायचा.

त्याचं रिव्हेटांचं वेड तसं साहजिक होतं. मेरेमेरेचं कोळशावरचं वीजघर चालू होतं तोवर तो तिथे बॉयलरवर कामाला होता. वीजघर बंद पडलं तेव्हा गावातले पुष्कळजण ऑकलंडला गेले. हा गेला नाही. दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात पाइप जोडत त्याने उरलेली नोकरी काढली. आता त्रेसष्ट वर्षांचा, रुंद पाठीचा, बोलायला हळू माणूस. त्याची बायको नायरी म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे दारू पितात, माझा पत्रा कापतो. तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने?"

तक्रार गावाला होती. माओरी माणसाने, त्यातून ज्याचे पूर्वज त्या टेकडीवर लढले त्याने, सरकारी गनबोट कशाला करावी? आपल्या होड्या करायच्या सोडून? कोणी असं टोकलं की नोपेरा डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "होडीला काय विचारायचंय? मला जे विचारायचंय ते या बोटीलाच माहीत आहे."

त्याला जे विचारायचं होतं ते त्याच्या आडनावातच होतं. काहो म्हणजे पिंप.

अठराशे त्रेसष्ट सालच्या ऑक्टोबरअखेर इंग्रज सरकारची गनबोट आमच्या जमिनी घ्यायला नदीतून वर आली, तेव्हा टेकडीवर आमच्या लोकांपाशी तोफा होत्या. जहाजांवरच्या जुन्या, समुद्रकिनाऱ्यापासून ओढत आणलेल्या. गोळे मात्र नव्हते. म्हणून व्यापाऱ्यांच्या दुकानातली लोखंडी वजनं तोफेत ठासली. एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे. पुढचं काहो घराण्याचं खास दुखणं. बोट समोर आली तेव्हा बाकीच्या तोफा धडाधड उडाल्या, वजनं चिलखतावर आपटून पाण्यात पडली. नोपेराचा खापरपणजोबा शेवटच्या तोफेवर होता. त्याने तोफ उडवलीच नाही. बोट पुढे निघून गेली, आणि मग याने बत्ती दिली. वजन जाऊन लागलं ते कुठे, तर बोटीवरच्या खारवलेल्या मांसाच्या पिंपात. त्या दिवसापासून त्याला काहो म्हणू लागले. पोरं काहोची पोरं झाली, नातवंडं काहोची नातवंडं झाली, आणि त्या माणसाचं खरं नाव हळूहळू कोणालाच आठवेनासं झालं.

आमच्याकडे थट्टेला मरण नाही. नोपेराचा टिपेने नावाचा मामेभाऊ तर या थट्टेवर जगायचा. लग्न असो, बारसं असो, तो खिशातून डबाबंद गोमांसाचा डबा काढून नोपेरासमोर ठेवायचा. "घे, तुझ्या आजोबाची शिकार! बोट गेली, धूर गेला, मग बाबाला जाग आली. आणि जाग आली ती भुकेनेच!" सगळे पोट धरून हसायचे. नोपेराही हसायचा, डबा घरी न्यायचा, मांस नायरीला द्यायचा आणि पत्रा स्वतः घ्यायचा. गनबोटीचं सगळं चिलखत टिपेनेच्या डब्यांतून कापलेलं होतं. ही गोष्ट त्याने टिपेनेला कधी सांगितली नाही.

हसला तरी ते त्याला लागायचं. माझा माणूस झोपाळू होता का? भित्रा होता का? की नुसताच आंधळा? हा भुंगा त्याच्या डोक्यात पोरवयापासून होता.

यात त्याला साथीदार मिळाला तो लेस्ली ड्रमंड. जमिनीची मोजणी करण्यात आयुष्य गेलेला, निवृत्त, काटकुळा गोरा. हॅमिल्टनच्या युद्धखेळ क्लबात दोघांची ओळख झाली. तिथे बाकीचे लोक टेबलावर परक्या देशांचे खेळण्यातले रणगाडे ढकलत बसायचे, आणि हे दोघे एका कोपऱ्यात आपल्याच नदीवरून भांडायचे. दर दुसऱ्या शनिवारी लेस्ली मेरेमेरेला यायचा. तो बोट चालवायचा, नोपेरा तट सांभाळायचा. बोट प्रत्येक पाळीला वीतभर सरकायची. तोफ उडवायची तर तोफेपासून लक्ष्यापर्यंत दोरा ताणायचा. दोरा कशाला अडला नाही तरच फासे टाकायचे. अकरा वर्षांत दोनशेच्या वर डाव झाले. शेवटची तोफ नोपेरा नेहमी उशिराच उडवायचा, कारण गोष्टच तशी होती. पिंप बोटीच्या मध्ये, धुराड्याजवळ. बोट निघून गेल्यावर मागून मारायचं म्हणजे मध्ये सुकाणूवाल्याचं लोखंडी खोकं आणि मागचा बुरूज, दोन्ही आडवे. दोरा दर वेळी अडायचा. तेव्हा लेस्लीने एक नियम केला: बाराच्या बारा फाशांवर सहा पडले तर वजन टप्पा खाऊन पिंपात जाईल. अकरा वर्षांत ते एकदाही पडलं नाही.

"निव्वळ अपघात होता, नोपेरा," लेस्ली म्हणायचा. "त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"अभिमानासारखं आहे का काही?"

लेस्ली खोटं बोलणारा नव्हता. तो चष्मा पुसत बसायचा.

या लेस्लीनेच कुठल्याशा ग्रंथालयातून बोटीवरच्या एका शिपायाच्या पत्राची नक्कल आणली होती. शिपायाने आईला लिहिलं होतं, की रानटी लोकांनी आमच्या रात्रीच्या जेवणावर तोफ डागली, पिंप फुटलं, सुकाणूवाल्याच्या डोळ्यांत खारं पाणी गेलं आणि तो तासभर शिव्या देत होता. ते पत्र वाचून दोघे खूप हसले होते. मग ते चौकटीत बसवून गॅरेजच्या भिंतीवर टांगलं, आणि भिंतीवरच्या गोष्टीकडे जितकं बघतात तितकंच त्याच्याकडे बघितलं.

आता राहेरा आत्याबद्दल सांगायला हवं. नोपेराच्या वडिलांची ही थोरली बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची. मराएचं, म्हणजे आमच्या जमातीच्या सभाघराचं, स्वयंपाकघर तिने चाळीस वर्षं चालवलं होतं. कोणी गेलं की तीन-तीनशे माणसांना तीन दिवस जेवू घालायचं, आणि एकाचंही पोट बिघडू द्यायचं नाही, हा तिचा लौकिक. दर वर्षी लढाईच्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवर जमतो, आणि तिथे लढलेल्यांची नावं आत्या एकेक करून पुकारते. शेवटी ती म्हणायची, "आणि काहो." मग मागून कोणीतरी खुसखुसायचंच.

खरं नाव तिला ठाऊक होतं. फक्त तिलाच ठाऊक होतं. नोपेराने ते दहादा तरी विचारलं असेल.

पण आत्या त्याच्या घरी पाऊल टाकत नव्हती. कारण अकरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा गॅरेजमध्ये गाडी होती, खेळ जेवणाच्या टेबलावर मांडलेला होता. आत्या चहाला आली, आणि तिने पाहिलं, की टेकडीवर बोटभर उंचीची माणसं उभी आहेत, आपली माणसं, मेलेली माणसं, आणि त्यांच्या शेजारी पावाचा तुकडा आणि लोण्याचा चमचा. आमच्यात जेवण आणि मेलेले एका जागी आणत नाहीत. हे नोपेराला कळत नव्हतं असं नाही, पण खेळाच्या नादात तो विसरला होता. आत्या उठली. दारातल्या नळावर हात धुतले आणि चालती झाली. त्याच आठवड्यात खेळ गॅरेजमध्ये गेला आणि गाडी पावसात गेली.

यंदा सप्टेंबरात आत्याने जाहीर केलं, की हे आपलं शेवटचं वर्ष. गुडघे टेकडी चढत नाहीत. पुढच्या वर्षापासून नावं टिपेने पुकारील, आवाज त्याचाच खणखणीत आहे.

नोपेरा त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेला. धुरी दिलेला वाम मासा घेऊन गेला, कारण रिकाम्या हाताने जाऊन आत्याकडून आजवर कोणाला काही मिळालेलं नाही.

"आत्या, टिपेने पुकारणार म्हणजे 'काहो'च पुकारणार. डबा हातात घेऊन पुकारील. नाव सांग मला."

"मासा छान झालाय."

"आत्या."

तिने काठी बाजूला ठेवली. "माझ्या आजोबांनी मला नाव सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ते म्हणजे त्या काहोचा मुलगा. म्हणाले, राहेरा, हे नाव हसणाऱ्या तोंडात देऊ नकोस. जोवर हसतायत तोवर काहोच राहू दे. काहोला हसू देत, त्याला नको."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की आत्याला त्या माणसाची लाज वाटते. ती नाव लपवत नव्हती, जपत होती.

"पण तू गेलीस तर तेही जाईल."

"जाईल," आत्या म्हणाली. "मला कळत नाही का? रात्र रात्र तोच विचार असतो. पण शब्द दिलाय मी. तूच सांग, त्याने असं काय केलं, की हसणारे थांबतील? अकरा वर्षं बाहुल्या खेळतोयस. काय सापडलं?"

"काही नाही सापडलं," नोपेरा खरं तेच बोलला. मग म्हणाला, "तू येऊन बघ ना एकदा. गॅरेजमध्ये कोणी खात नाही. बिस्कीटसुद्धा नाही."

"त्या गोऱ्याला चहापण देत नाहीस?"

"बाहेर उभा राहून पितो तो. पाऊस असला तर छत्रीखाली."

आत्याला हसू फुटलं. "मग यायलाच हवं. छत्रीतला गोरा बघायला."

ती शनिवारी आली. गाडी टिपेने चालवत होता, म्हणजे डबा आलाच. लेस्ली घाईघाईने उठून उभा राहिला. आत्या टेबलाभोवती काठी टेकत एक पूर्ण फेरी फिरली. टेकडीवरच्या माणसांकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग बोटीकडे वळली आणि वाकली.

"हे काय?"

"पिंप. मांसाचं. तेच ते, आत्या."

टिपेनेने मागून डबा वाजवला.

"इथे? धुराड्याला चिकटून? कोणी ठेवलं?"

"मी."

"ते दिसतंच आहे. म्हणजे त्या बोटीवर ते इथे होतं, असं कोणी सांगितलं तुला?"

नोपेराने लेस्लीकडे पाहिलं. लेस्लीने छताकडे. सांगितलं कोणीच नव्हतं.

"खाली पेटलेला बॉयलर, वर ऊन, आणि शेजारी मांस," आत्या म्हणाली. "खारवलेलं असलं म्हणून काय झालं? चार दिवसांत पाणी फेसाळेल. शिपायांनी त्या आचाऱ्याला नदीत बुडवला असता. स्वयंपाकघर कधी पाहिलंयस का रे, मेल्या?"

"मग तू कुठे ठेवलं असतंस?"

ती जरासुद्धा थांबली नाही. तिने काठीचं टोक बोटीच्या मागच्या भागाकडे नेलं. सुकाणूवाल्याच्या खोक्याच्या पाठीमागे, चाकाच्या पुढे, थोडी मोकळी जागा होती. "इथे. खोक्याची सावली आहे. चाक फिरलं की पाण्याचे शिंतोडे उडतात, पिंप गार राहतं. दुसरी जागाच नाही या बोटीवर. आणि ही जागा तू रिकामी का सोडलीस?"

नोपेराचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तिथे धरून उचलतो आम्ही," तो म्हणाला.

"काय?"

"बोट सरकवायची तर धरायला जागा नको? चाक नाजूक आहे, धुराडं मोडतं. म्हणून तिथे काही चिकटवत नाही. सगळेच असं करतात. क्लबात सगळ्यांच्याच बोटींना अशी जागा असते."

लेस्लीने चष्मा काढला. "अकरा वर्षं," तो पुटपुटला. "अकरा वर्षं आपण आपल्या चिमटीला जागा हवी म्हणून त्या माणसाचा नेम चुकवला."

नोपेराने सुरी घेतली आणि पिंप धुराड्यापासून उचकटलं. खोक्याच्या मागे त्याने ते नुसतं टेकवलं. मग दोऱ्याचं एक टोक टिपेनेच्या हातात दिलं. "शेवटच्या तोफेवर धर."

"मी कशाला?"

"धर म्हटलं ना," आत्या म्हणाली.

टिपेने टेकडीशी वाकला आणि एक डोळा मिटून दोऱ्यावरून बघू लागला. बोट तटाच्या पुढे दोन वीत निघून गेलेली होती. दोरा चाकाच्या वरून उतरला, कुठेही अडला नाही. सरळ पिंपावर गेला.

आता टिपेने डुकरांच्या शिकारीत मुरलेला गडी. तो तसाच वाकलेला राहिला. थट्टेचा सूर आपोआप उतरला. "नोपे, पिंपाच्या मागे काय आहे?"

"सुकाणूवाल्याचं खोकं."

"त्याला पत्रा आहे ना?"

"तीन बाजूंनी. मागून उघडं असतं. बॉयलरच्या उष्म्यात चारी बाजूंनी बंद केलं तर माणूस आत भाजून निघेल. मी तसंच केलंय, बघ." बोलता बोलता नोपेराने खोक्याच्या उघड्या बाजूवर बोट ठेवलं.

"म्हणजे बोट समोर असताना मारलं तर लोखंड. बाजूला असताना मारलं तरी लोखंड." टिपेने सरळ झाला. "डुकराला समोरून कोणी मारत नाही, कवटी जाड असते. जाऊ द्यायचं. दम धरायचा. तो पुढे गेला की मगच." त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला. "झोपला नव्हता रे तो. वाट बघत होता."

"आजूबाजूला सगळे मारतायत, आरडाओरडा चाललाय, आणि हा थांबला," नोपेरा म्हणाला. "एकटा."

लेस्ली भिंतीपाशी गेला होता. त्याने चौकट काढून आणली आणि त्या एका ओळीवर नख ठेवलं. सुकाणूवाल्याच्या डोळ्यांत खारं पाणी. पिंप पुढे धुराड्यापाशी असतं तर पाणी मागे खोक्यातल्या माणसाच्या डोळ्यांत कसं जाणार होतं? ते त्याच्या पाठीशीच होतं. तोफेच्या आवाजाने सुकाणूवाल्याने वळून पाहिलं असणार, तेव्हा ते त्याच्या आणि तोफेच्या मध्ये होतं. पिंप नसतं तर ते सुकाणू धरायला कोणी उरलं नसतं, आणि बोट काठावर जाऊन आपटली असती.

"हा पुरावा नाही हं," लेस्ली म्हणाला. स्वभाव कुठे जाणार? "पिंप तिथेच होतं असं कागदावर कुठे लिहिलेलं नाही."

"गोऱ्या," आत्या म्हणाली, "तुझ्यापाशी पत्र आहे, याच्यापाशी पत्रा आहे, त्याच्यापाशी बंदूक आहे आणि माझ्यापाशी स्वयंपाकघर आहे. आणखी काय हवंय तुला?"

"वारा कुठून होता ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

"याला चहा द्या रे कोणी. बाहेर."

नोपेराने तिला नाव विचारलं नाही. आत्या गाडीत बसली, काच खाली केली, त्याच्या गालाला हात लावला आणि गेली. टिपेने गाडी चालवत होता. जाताना त्याने हॉर्नही वाजवला नाही, आणि हा माणूस हॉर्न वाजवल्याशिवाय कधी कुठून निघालेला नाही.

लढाईच्या दिवशी सकाळी टेकडीवर दव होतं. नदी धुक्याखाली होती. नोपेरा आणि टिपेने या दोघांनी आत्याला खुर्चीसकट वर चढवलं. लेस्ली सगळ्यात मागे, टोपी हातात घेऊन उभा होता. आत्याने नावं पुकारायला सुरुवात केली. आवाज पातळ झाला होता, पण एकही नाव अडखळलं नाही. शेवटच्या तोफेवरच्या माणसाची पाळी आली तशी माणसं सवयीने हसू ओठांवर आणून तयार झाली. आत्या थांबली. तिने टिपेनेकडे पाहिलं, कारण पुढच्या वर्षापासून नाव घेणारं तोंड त्याचं होतं. टिपेने हसत नव्हता. हात पुढे बांधून पोरासारखा उभा होता.

मग तिने नाव घेतलं.

ते मी इथे लिहीत नाही. कागदाचा काय भरवसा, त्यात उद्या कोणी पाव गुंडाळील. ते ऐकायचं तर त्या दिवशी टेकडीवर यावं. मोठं नाव आहे, श्वास पुरवून घ्यावं लागतं. मागून कोणी खुसखुसलं नाही. नोपेरा उभ्या उभ्या रडला, मोठ्याने, नाकातून पाणी येईपर्यंत, आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

त्याची गनबोट अजून गॅरेजमध्ये आहे. पिंप खोक्याच्या मागे पक्कं चिकटवलंय, त्यामुळे आता ती एका हाताने उचलता येत नाही. तळाखाली दोन्ही हात घालून उचलावी लागते. लेस्ली कुरकुर करतो, डावाला वेळ लागतो म्हणतो.

पण त्या सकाळचं एवढं सांगायचं राहिलं. सगळे खाली उतरू लागले, नळापाशी हात धुऊन जेवायला जायची घाई सुरू झाली, तेव्हा टिपेने आत्याच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला. "आत्या, परत एकदा सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग. माझी चूक व्हायला नको." ती सांगत होती आणि तो तिच्या मागून एकेक तुकडा म्हणत होता, आणि चुकला की पहिल्यापासून.